परवलीच्या शब्दाचा साठ वर्षांचा प्रवास : एमआयटी ते बदलापूर

पासवर्डला मराठीत 'परवलीचा शब्द' असा झकास प्रतिशब्द आहे आणि आपण तो फक्त सरकारी संकेतस्थळांपुरता शिल्लक ठेवलाय. खरं तर त्या शब्दात सगळी गोष्टच आलेली आहे. रात्रीची वेळ, पहारेकरी, समोर अंधारात कोणीतरी उभं. चेहरा दिसत नाही, आवाजाची खात्री नाही. मग एकच उपाय उरतो, दोघांनाच ठाऊक असलेला एखादा शब्द. तो जमला तर आपला माणूस, नाही जमला तर परका. संगणकाने यात फारशी भर घातलेली नाही. अंधार तोच आहे, फक्त पहारेकरी बदललाय.

तर मंडळी, या विकांताचा विषय हा. गेले काही महिने आमच्या घरातले सगळे पासवर्ड बदलापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीच्या कपाटात ठेवलेल्या एका तळहाताएवढ्या डब्यात राहतात. व्हॉल्टवॉर्डन नावाचं सॉफ्टवेअर, ते एका कंटेनरमध्ये, आणि त्याच्यापुढे एक रिव्हर्स प्रॉक्सी. हापिसातला एक मित्र म्हणाला, "कशाला उगाच? महिन्याला चार पैसे टाक, कंपनी सांभाळेल." प्रश्न रास्त आहे. हे 'कसं' करायचं हे सांगणारी पानं जालावर शेकड्याने सापडतात, त्यामुळे ते मी पुन्हा खरडत बसत नाही. पण या उतरंडीतलं प्रत्येक मडकं कुठून आलं, कोणाच्या कुठल्या अडचणीतून आलं, हे पाहिलं की मित्राच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळत जातं. म्हणून आज थोडा इतिहास.

सुरुवात १९६१ ची. अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि मंडळींनी सीटीएसएस नावाची प्रणाली उभी केली. तोवर संगणक म्हणजे एका वेळी एकाचंच काम. सीटीएसएसमुळे एकच महागडं यंत्र अनेकजण एकाच वेळी वापरू लागले. झालं, आता प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या हव्यात, प्रत्येकाला ठरवून दिलेला वेळ वेगळा मोजायला हवा. म्हणून प्रत्येकाला एकेक पासवर्ड दिला गेला. म्हणजे बघा, पासवर्ड जन्मला तो हेरांच्या भीतीने नव्हे, तर सामायिक जागेत आपलं सामान ओळखू यावं म्हणून. चाळीतल्या नळावर हंड्याला रंगाचा पट्टा मारतात ना, त्यातलाच प्रकार.

आणि ती पद्धत वर्षभरातच फुटली. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळायचे, त्यात त्याचं काम भागेना. १९६२ मध्ये एका शुक्रवारी रात्री त्याने पंचकार्डावर साधी विनंती टाकली, पासवर्डची फाइल छापून द्या म्हणून. शनिवारी जाऊन कागद उचलून आणले. सगळ्यांचे पासवर्ड, सरळ वाचता येतील असे! ना कुठलं कुलूप तोडलं, ना कोणाला फसवलं. पुढे तर याच प्रणालीवर एका चुकीमुळे दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सर्वांचे पासवर्ड पडद्यावर दिसू लागले. विनोदी वाटतं खरं, पण आजच्या बहुतेक मोठ्या पासवर्डचोऱ्यांचं मूळ याच दोन प्रसंगांत आहे. सगळ्यांच्या किल्ल्या एकाच ठिकाणी, उघड्या.

यावर उपाय निघाला तो असा की पासवर्ड साठवायचाच नाही, त्याचा चुरा साठवायचा. केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांची ही कल्पना. गव्हाचं पीठ होतं, पिठाचा गहू होत नाही. तुम्ही पासवर्ड दिलात की यंत्र तो दळणार आणि आधीच्या पिठाशी ताडून बघणार. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस (थोरले) आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्सच्या अनुभवावर एक निबंध लिहिला, तो आजही आवर्जून वाचण्यासारखा आहे. त्यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यातले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, एक तर फार आखूड होते, नाही तर शब्दकोशातून किंवा नावांच्या यादीतून सहज सापडणारे होते. तेव्हा त्यांनी दोन गोष्टी केल्या. दळण मुद्दाम सावकाश केलं, म्हणजे अंदाज लावत बसणाऱ्याचा वेळ जावा. आणि प्रत्येक पासवर्डात चिमूटभर वेगळं मीठ टाकलं, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं दिसावं. 'मीठ' हा शब्द माझा नाही हं, त्यांचा 'सॉल्ट' आजही तसाच वापरात आहे :)

१९७९ हे साल लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

आता आपल्याकडे येऊ. ज्याला एकच खातं आहे त्याला एक पासवर्ड लक्षात ठेवणं जड नाही. पण २००२ मध्ये रेल्वेचं तिकीट जालावर मिळू लागलं, मग नेटबँकिंग आलं, २००९ च्या ऑगस्टपासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डाला जालावर दुसरा पासवर्ड आला, मग आधार, २०१४ मध्ये भविष्य निर्वाह निधीचा यूएएन, २०१६ मध्ये यूपीआय. वीजबिल, गॅस, आयकर, डिमॅट, सोसायटीचं ॲप... माझ्या एकट्याच्या यादीत आज दोनशेच्या वर नोंदी आहेत. माणसाच्या डोक्यात दोनशे परवलीचे शब्द राहत नाहीत. मग माणूस काय करतो? एकच शब्द सगळीकडे वापरतो. म्हणजे एखाद्या फडतूस दुकानाच्या संकेतस्थळावरून तो गळला की बँकेचं दार उघडं.

आमच्या बाबांची पद्धत वेगळी होती. एलआयसीच्या जुन्या डायरीत ते सगळं लिहून ठेवत. आम्ही तरुण मंडळी याला हसतो, पण मला ती पद्धत अजिबात वाईट वाटत नाही. रशियात बसलेल्या चोराला बदलापुरातली डायरी वाचता येत नाही! अडचण दुसरीच आहे. डायरीची प्रत नसते, आणि डायरीतलं अक्षर दुसऱ्याला लागत नाही.

ते किती खरं आहे हे आम्हाला माझ्या काकांच्या वेळी कळलं. काका अंबरनाथला एका कारखान्यातून निवृत्त झालेले, व्यवस्थित माणूस. निवृत्तीनंतर हौसेने स्मार्टफोन शिकले, सगळे व्यवहार त्यावर. एके दिवशी झोपेतच गेले. फोनला अंगठ्याचं कुलूप, त्याचा पिन कोणाला माहीत नाही. ईमेल त्या फोनवर, बँकेचे ओटीपी त्या फोनवर, म्युच्युअल फंडाचे कागद त्या ईमेलवर. काकूला मृत्यूचा दाखला घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर जवळपास वर्ष काढावं लागलं. पैसे बुडाले नाहीत, पण कुठे काय आहे हे शोधण्यातच ती थकली. एकदा मला म्हणाली, "अरे, तुझे काका सगळं मला सांगायचे. हे तेवढं राहिलं." त्या वाक्यानंतर माझ्यासाठी हा विषय नुसता तांत्रिक राहिला नाही. पासवर्ड चोराला न मिळणं हा अर्धाच प्रश्न आहे. योग्य वेळी घरच्याला मिळणं हा उरलेला अर्धा.

पासवर्ड मॅनेजर ही चीज यातूनच आली. १९९७ मध्ये ब्रूस श्नायर या गूढलेखनतज्ज्ञाने 'पासवर्ड सेफ' काढलं. एक तिजोरी, तिला एकच मोठा परवलीचा शब्द, आत बाकी सगळे. २००३ मध्ये डॉमिनिक राइखल याचं 'कीपास' आलं. दोन्हींत तिजोरी म्हणजे आपल्या संगणकावरची एक फाइल. तोवर हे ठीक होतं, कारण संगणक एकच असायचा. मग हापिसचा लॅपटॉप, घरचा लॅपटॉप, फोन, आईचा फोन अशी पिलावळ वाढली आणि एकच फाइल सगळीकडे ताजी ठेवणं हा उद्योग होऊन बसला. २००८ मध्ये आलेल्या लास्टपासने म्हटलं, तिजोरी आमच्याकडे ठेवा, तुम्ही कुठूनही या. सोय खरीच मोठी होती.

२०२२ मध्ये त्या सोयीची किंमत कळली. ऑगस्टमध्ये चोर आत शिरले. आणि २२ डिसेंबरला कंपनीने जाहीर केलं की ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच बाहेर गेल्या आहेत. पुढे कळलं की एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकावर जुनं, दुरुस्त न केलेलं मीडिया सॉफ्टवेअर होतं, वाट तिथून काढली गेली. तिजोऱ्या बंद होत्या, पण तिजोरीवरची चिठ्ठी, म्हणजे कुठल्या संकेतस्थळाचा पासवर्ड आत आहे ते पत्ते, उघडे होते. आणि मॉरिस-थॉम्पसन यांचं ते सावकाश दळण आठवतंय? नव्या खात्यांना १,००,१०० फेऱ्या होत्या, पण कित्येक जुन्या खात्यांना ५,००० किंवा त्याहूनही कमी. म्हणजे जुन्या, विश्वासू गिऱ्हाईकाचंच कुलूप सर्वांत हलकं!

इथे मला मलंगगड आठवतो. कल्याणहून कर्जतकडे जाताना लोकलच्या पश्चिमेच्या खिडकीतून दिसतो तो. तळाला पीरमाची, तिच्यावर सोनेमाची, आणि अगदी वर बालेकिल्ला. १७८० मध्ये, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, कंपनीच्या कॅप्टन ॲबिंग्टनने गडावर हल्ला केला. खालचा भाग हाती आला, पण वरचा बालेकिल्ला काही पडेना. आज जे ट्रेकर त्या शेवटच्या टप्प्यावर पाइपवरून पलीकडे गेलेत त्यांना का ते वेगळं सांगायला नको. चांगल्या पासवर्ड मॅनेजरची रचना अशीच असते. सर्व्हर ही माची, ती पडू शकते हे धरूनच चालायचं. तिजोरी उघडते ती फक्त तुमच्या फोनवर, तुमच्या मुख्य शब्दाने. सर्व्हरकडे जातो तो नुसता बंद पेटारा. म्हणून लास्टपासच्या चोरीतही ज्यांचा मुख्य शब्द लांब आणि दळण जड होतं त्यांचा बालेकिल्ला टिकण्याची शक्यता चांगली. ज्यांचा 'साई१२३' होता त्यांचं काय झालं असेल ते सांगत नाही.

बिटवॉर्डन २०१६ मध्ये आलं ते याच रचनेचं, शिवाय त्याची आज्ञावली सगळ्यांना वाचायला खुली. २०२३ मध्ये त्यांनी दळणाच्या फेऱ्या सहा लाखांवर नेल्या आणि आर्गॉन-२ हा आणखी जड पर्यायही दिला. सर्व्हरही स्वतःकडे ठेवता येतो, पण मूळ सर्व्हर मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर चालणारा, चांगलाच खादाड. घरच्या चिमुकल्या डब्याला तो झेपणारा नव्हता. २०१८ मध्ये डॅनिएल गार्सिया नावाच्या प्रोग्रामरने तोच सर्व्हर रस्ट भाषेत नव्याने लिहिला. सुरुवातीला नाव बिटवॉर्डन-आरएस, २०२१ पासून व्हॉल्टवॉर्डन. रास्पबेरी पायसारख्या पाटीवरही तो निवांत चालतो, आणि बिटवॉर्डनची नेहमीची ॲप्स त्याच्याशी बोलतात. माझ्या टीव्हीच्या कपाटात तो बसतो तो गार्सियाच्या कृपेने.

पण एकाच डब्यात मला अजून चार गोष्टी चालवायच्या आहेत, घरचे फोटो, बाबांची भजनं वगैरे. एकाने दुसऱ्याच्या सामानाला हात लावता कामा नये. आता कंटेनर. आणि कंटेनर समजून घ्यायला उल्हासनगरइतकं चांगलं ठिकाण नाही.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी बसली, कल्याण कॅम्प. २,१२६ बरॅकी. बहुतेकांत मधोमध मोठा हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. युद्ध संपलं, छावणी ओस पडली, आणि १९४७ नंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली लाखभर माणसं तिथे आणली गेली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हासनगर हे नाव मिळालं. सैनिकांसाठी बांधलेल्या हॉलमध्ये आता कुटुंबं. दोन कुटुंबांच्या मध्ये गोणपाट, नाही तर साडीचा पडदा. छप्पर एक, नळ एक. पण पडद्याच्या आत आपली चूल, आपले देव, आपला संसार. पुढे पडद्याच्या जागी भिंती आल्या, दुकानं आली, कारखाने आले, 'मेड इन यूएसए'चा विनोद आला. पण कित्येकांच्या पत्त्यात अजून 'बरॅक नंबर' असतोच.

कंटेनर म्हणजे नेमकं हेच. छप्पर एकच, म्हणजे यंत्राचं कर्नेल सामायिक. आत प्रत्येकाला वाटतं की हे सगळं घर माझंच. पहिला पडदा लागला तो १९७९ मध्येच, युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत. तिथे 'सीएच-रूट' नावाची सोय आली, एखाद्या प्रोग्रामला सांगायचं की हाच कोपरा म्हणजे तुझं जग. २००० मध्ये फ्रीबीएसडीने त्या पडद्याची भिंत केली आणि नाव ठेवलं 'जेल'. पण सामायिक नळाचं पाणी एकानेच संपवलं तर? त्यासाठी २००६ पासून गूगलचे अभियंते पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी लिनक्समध्ये हिशेबाची व्यवस्था बसवायला घेतली, कोणाला किती मेमरी, किती प्रोसेसर. 'सी-ग्रुप्स' या नावाने ती २००८ च्या जानेवारीत लिनक्समध्ये आली. तरीही हे सगळं जोडणं म्हणजे जाणत्यांचं काम होतं. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन परिषदेत पाच मिनिटांत डॉकर दाखवलं, आणि तेच काम एका ओळीवर आलं.

नाव घेतलं ते जहाजावरच्या पेटाऱ्यांवरून. १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीनने 'आयडियल एक्स' जहाजावर ५८ पेटारे चढवले तेव्हा आत काय आहे याची गोदीला फिकीर उरली नाही. मापं ठरलेली, क्रेन तीच. न्हावा-शेवाकडे जाणारे ट्रेलर पाहिलेत ना, तेच ते. गार्सियाने कुठेतरी भरलेला पेटारा बदलापुरात जसाच्या तसा उतरतो, ही त्यातली खरी गंमत.

पण पडदा तो पडदाच. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'रन-सी' या कंटेनर सुरू करणाऱ्या भागातच भोक सापडलं. आतल्या भाडेकरूला थेट मालकाच्या खोलीत जाता येत होतं. कंटेनर म्हणजे तुरुंग आहे असं समजून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पेटारा वेळोवेळी ताजा करणं, आतल्या प्रोग्रामला राजाचे अधिकार न देणं, ही रोजची झाडलोट आहे. कंपनीला पैसे देताना आपण खरं तर या झाडलोटीचे पैसे देतो.

आता रिव्हर्स प्रॉक्सी. साधी प्रॉक्सी आपल्या पिढीला चांगली ठाऊक आहे, कॉलेजच्या लॅबमध्ये यूट्यूब अडवायची ती. आतल्या सगळ्यांच्या वतीने बाहेर जाणारा एक दलाल. रिव्हर्स म्हणजे उलटा, बाहेरच्या सगळ्यांना दारात भेटणारा. बरॅकीचा वॉचमन म्हणा हवं तर. त्याची गरज पडली ती पत्त्यांच्या टंचाईमुळे. १९९० च्या दशकात प्रत्येक संकेतस्थळाला वेगळा आयपी पत्ता लागे. १९९७ च्या एचटीटीपी १.१ ने नियम केला की येणाऱ्याने 'कोणाकडे जायचंय' ते नाव सांगायचंच. त्यामुळे एका पत्त्यावर पन्नास बिऱ्हाडं राहू शकली, फक्त नाव ऐकून योग्य दार दाखवणारा कोणीतरी हवा. १९९९ मध्ये डॅन केगल यांनी विचारलं, एक सर्व्हर एकाच वेळी दहा हजार पाहुणे का सांभाळू शकत नाही? इगोर सिसोयेव या रशियन अभियंत्याने त्याचं उत्तर म्हणून एन्जिनएक्स लिहिलं आणि ऑक्टोबर २००४ मध्ये सर्वांना खुलं केलं. आज दारावर बसणाऱ्यांत त्याचा मान मोठा आहे.

दारावरच्या माणसाचं दुसरं काम म्हणजे ओळखपत्र दाखवणं, एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र. पूर्वी त्याला दरवर्षी पैसे मोजावे लागत, म्हणून घरगुती सर्व्हरवाले बहुतेक त्याशिवायच चालवत. २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट आलं आणि प्रमाणपत्र फुकट झालं. त्याच सुमाराला आलेल्या कॅडी आणि ट्रेफिकसारख्या प्रॉक्सी ते स्वतःच मागवतात, स्वतःच नूतनीकरण करतात. व्हॉल्टवॉर्डनला तर याला पर्याय नाही, कारण ब्राउझर सुरक्षित जोडणीशिवाय गूढलेखनाची साधनं पानाला वापरूच देत नाही. एक मेख मात्र सांगून ठेवतो. दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक वहीत नोंदलं जातं. तुम्ही उपनाव 'तिजोरी' ठेवलंत आणि कोणाला सांगितलं नाहीत, तरी वही वाचणाऱ्याला ते काही मिनिटांत कळतं. नाव लपवून सुरक्षा होत नाही. उपाय दोन: नोंदणीचं दार बंद करणं, आणि शक्य तर एकूण दारच रस्त्यावर न उघडणं.

हा दुसरा उपाय बदलापुरात आपोआपच मिळतो :) कारण असं की आशियाचे नवे आयपी पत्ते एप्रिल २०११ मध्येच जवळपास संपले. मग २०१२ मध्ये सेवादारांसाठी १०० ने सुरू होणारा पत्त्यांचा एक खास गट राखून ठेवला गेला. शेकडो गिऱ्हाइकं आतल्या पत्त्यावर आणि बाहेर सगळ्यांचा मिळून एक पत्ता. आमच्या केबलवाल्याकडे हीच व्यवस्था आहे. म्हणजे आमची पूर्ण गल्लीच एका बरॅकीत! बाहेरून माझ्या डब्यापर्यंत यायला रस्ताच नाही. मी तो काढायचा प्रयत्नही सोडून दिला. डबा फक्त घरात दिसतो, आणि बाहेर असलो की वायरगार्डच्या बोगद्याने, भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरमार्गे आत शिरतो. वायरगार्ड मार्च २०२० पासून लिनक्स कर्नेलमध्येच आहे. ज्याच्याकडे बोगद्याची किल्ली नाही त्याला गड कुठे आहे हेच दिसत नाही.

"आणि लाइट गेली की?" हा आईचा प्रश्न, आणि सर्वांत शहाणा. आमच्याकडे दुरुस्तीसाठी म्हणून आख्खा दिवस वीज जाते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. याचं उत्तर पुन्हा रचनेतच आहे. प्रत्येक फोनवर तिजोरीची बंद प्रत असते, सर्व्हर मेला तरी वाचता येते. नवी नोंद तेवढी करता येत नाही.

पाण्याचं मात्र तसं नाही. २६ जुलै २००५ सगळ्यांच्या लक्षात आहे. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीचं पाणी रुळांवर चढलं आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींतून काढावं लागलं. त्या नदीकाठच्या गावात, तळमजल्यावर, एकुलत्या एका डब्यात घरच्या सगळ्या किल्ल्या ठेवणं हा शुद्ध गाढवपणा ठरेल. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने फोटो सांभाळण्यासाठी सांगितलेला नियम इथेही चालतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. माझी एक प्रत रोज रात्री डब्यातल्याच दुसऱ्या डिस्कवर जाते, एक, पुन्हा कुलूपबंद करून, पुण्याला बहिणीकडे. चालू डेटाबेसची फाइल नुसती उचलून नेऊ नये, त्याची स्वतःची प्रत काढण्याची आज्ञा वापरावी. आणि दर तीन महिन्यांनी ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून बघावी. न उघडून पाहिलेली प्रत म्हणजे काकांचा फोन.

राहता राहिला तो उरलेला अर्धा प्रश्न. मुख्य शब्द माझ्या डोक्यात, डबा माझ्या कपाटात, झाडलोट माझ्याकडे. उद्या मला काही झालं तर मी काकूची जी गत झाली तीच आईची करणार नाही का? स्वतःचा सर्व्हर ठेवणारे नव्वद टक्के उत्साह प्रॉक्सीवर खर्च करतात आणि इथे येऊन थांबतात. बाबांनी यावर जुनाच तोडगा काढला. एक पाकीट. आत माझा मुख्य शब्द, बहिणीकडच्या प्रतीची किल्ली, आणि साध्या मराठीत एक पानभर कृती: आधी काय उघडायचं, मग काय, अडलं तर कोणाला फोन करायचा. पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये, दागिन्यांच्या डब्याखाली. शिवाय दर महिन्याला सगळ्या नोंदींची एक प्रत निघते, जी डबा आणि व्हॉल्टवॉर्डन दोन्ही नसले तरी वाचता येईल. ते पान मी बाबांकडून वाचून घेतलं, आणि मी न बोलता फक्त बघत असताना त्यांनी आईच्या फोनवर तिजोरी उघडून दाखवली. चाळीस मिनिटं लागली. 'टू-फॅक्टर' या शब्दापाशी दोघं अडली, तो परिच्छेद बदलला.

आता मित्राला उत्तर. बारवी धरणाचं पाणी नळाला येतं म्हणून कोणी विहीर खणू नये असं नाही, आणि विहीर खणली म्हणून नळ तोडावा असंही नाही. ज्याला गाळ काढायला वेळ नाही त्याने विहिरीच्या फंदात पडू नये. बिटवॉर्डनसारख्याकडे पैसे भरावेत, मुख्य शब्द लांबलचक ठेवावा, आणि तेही एकाच शब्दाने सगळीकडे कारभार करण्यापेक्षा लाखपटीने बरं. ज्याला या गोष्टींत रस आहे त्याने डबा जरूर मांडावा. साठ वर्षांत कोणी काय चुकलं आणि कोणी काय सुधारलं, ते दर रविवारी आपल्या हाताखालून जातं, याची मजा वेगळीच.

पण डबा मांडा नाही तर पैसे भरा, पाकिटाचं काम मात्र दोघांनाही चुकलेलं नाही. ते लिहायला ना डॉकर लागतं ना प्रॉक्सी. एक रविवार दुपार आणि घरातलं एक माणूस, जे वाचून "हे मला कळलं नाही" असं स्पष्ट सांगेल.

असो. काकूचे पासवर्डही आता आमच्याच डब्यात आहेत. मुख्य शब्द तिने स्वतःच ठरवला, चांगला सहा शब्दांचा आहे म्हणते. काय आहे ते मला माहीत नाही. तिच्या मुलीला माहीत आहे, तेवढं मी विचारून घेतलं.